ड्रॉप कर, नो टेन्शन

मंगळवारी सकाळी ऑफिसात पोचलो. पार्का काढून खुर्चीला अडकवला, कॉम्प्युटर चालू केला, आणि कॉफीचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत स्क्रीनवर पिवळी पट्टी आली. आमच्या सिस्टीममध्ये पिवळ्या पट्टीचा अर्थ एकच: या विद्यार्थ्याचे कोर्स कमी झालेत, ग्रँट धोक्यात आहे, बघा.

नाव वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं. चष्म्याचा दोष नव्हता.

अस्मिता. आमचीच अस्मिता. आणि तो कोर्स तिने कोणाच्या सांगण्यावरून सोडला, हे त्या इमारतीत फक्त एका माणसाला माहीत होतं. तो माणूस त्या वेळी कॉफी हातात धरून स्क्रीनकडे बघत होता.

मी कॅनडात, रेजिनातल्या एका विद्यापीठात फायनान्शियल एड ॲडव्हायझर आहे. लोकांना वाटतं मी पैसे वाटतो. मी पैसे वाटत नाही. पैसे का मिळणार नाहीत, ते हसतमुखाने समजावून सांगतो. त्यातला निम्मा वेळ एकाच नियमावर जातो, म्हणून तो इथेही सांगून टाकतो.

घरची कमाई कमी असेल तर सरकार शिकायला ग्रँट देतं. ग्रँट म्हणजे परत न करायची मदत. लोन म्हणजे परत करायची. ही फुलटाइम ग्रँट मिळायची तर विद्यार्थी फुलटाइम हवा. आता फुलटाइम म्हणजे काय? एका टर्मचा पूर्ण भार पाच कोर्सचा धरतात. त्याच्या साठ टक्के घेतले तरी फुलटाइम. म्हणजे तीन. अपंगत्व असेल तर त्याहून कमीही चालतात. बाकी सगळ्यांना तीन. चारावरून एक सोडलात, काही होत नाही. तीनावरून एक सोडलात, की दोनच उरतात, तुम्ही पार्टटाइम झालात, आणि मिळालेली ग्रँट पुन्हा तपासली जाते. तिचा भाग लोनमध्ये ढकलला जातो, पुढचं येणं थांबतं. पार्टटाइमवाल्यांची मदत वेगळी, तिचा हिशेब वेगळा, आणि ती मधल्या मधे अशी चटकन जोडून मिळत नाही.

दर सप्टेंबरला नव्या पोरांसमोर उभं राहून मी हेच सांगतो. माझी एक स्लाइड आहे. तिच्यावर लाल अक्षरात लिहिलंय: कोर्स सोडण्याआधी आमच्याशी बोला.

अस्मिता बोलली होती. माझ्याशीच बोलली होती. पंचाईत तीच होती.

आमच्या संघटनेची भीमजयंतीच्या तयारीची मीटिंग शनिवारी एकाच्या बेसमेंटमध्ये भरली होती. बाहेर उणे एकतीस. इंजिन गोठू नये म्हणून सगळ्यांच्या गाड्या ब्लॉक हीटरच्या वायरींनी घराला बांधलेल्या, जणू गोठ्यातली जनावरं. आत नेहमीचा वाद: जेवण केटरिंगचं की पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा. माझं दोन्ही बाजूंनी बोलून झालं होतं आणि मी चिवड्याच्या वाटीजवळ सुरक्षित जागा धरून बसलो होतो. तिथे अस्मिता आली.

अस्मिता भंडाऱ्याकडची. तिकडे शाळेत शिकवायची. इथे ती पदवी चालली नाही, म्हणून चौतिसाव्या वर्षी एज्युकेशनची डिग्री नव्याने करायला घेतली. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, अर्धा महिना रस्त्यात. ती संध्याकाळी वृद्धांच्या केअर होममध्ये शिफ्ट करते. मुलगी मैत्री पाच वर्षांची. दिवसाचं डेकेअर ग्रँटवर चालतं, कारण लहान मूल असलेल्या फुलटाइम विद्यार्थ्याला वेगळी जास्तीची ग्रँट असते. ती गेली की डेकेअर गेलं. डेकेअर गेलं की कॉलेज गेलं. पत्त्यांचा बंगला म्हणा हवं तर, फक्त सगळ्यात खालचा पत्ता माझ्या खात्याचा.

"दादा," ती शेजारी बसत म्हणाली, "ते स्टॅटिस्टिक्स काही जमून नाही राहिलं मला."

"किती पडले?"

"पहिल्या क्विझमध्ये एक्केचाळीस. सोमवारी मिडटर्म आहे. पन्नासच्या वर जाईल असं वाटत नाही."

आता इथे शहाण्या ॲडव्हायझरने एक प्रश्न विचारायचा असतो. एकच. पण 'एक्केचाळीस' हा आकडा माझ्या कानावर पडला आणि माझ्यातला ॲडव्हायझर उठून गेला. त्याच्या जागी नागपूरचा बी.कॉम. येऊन बसला.

मला अकाउंटन्सीच्या एका पेपरात एक्केचाळीस मिळाले होते. त्या एका पेपराने माझा फर्स्ट क्लास खाल्ला. एकोणसाठ टक्के आणि वर काही पॉइंट. ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो. माझी बायको नलिनी ती माझ्याआधी पूर्ण करते. मी अस्मितालाही सांगितली, सविस्तर. मुलाखतीत साहेबाने मार्कशीट उलटी धरून कसं विचारलं, तेसुद्धा.

"म्हणून सांगतो," मी म्हणालो, "मार्कशीटवर डाग नको. कोर्स सोडून दे. ट्रान्सक्रिप्टवर नुसता डब्ल्यू येतो, विथड्रॉन. डब्ल्यूला कोणी विचारत नाही. बावन्नला सगळे विचारतात. पुढच्या टर्मला नीट अभ्यास करून घे."

"सोडला तर काही होत नाही ना, दादा?"

"अगं, एक विषय राहिला तर राहिला. आपल्याकडे एटीकेटी घेऊन लोक मंत्री झालेत."

आमच्याकडची ही जुनी खोड आहे. वर्ष म्हणजे वर्ष. एक विषय मागे राहिला तरी पोरगा त्याच वर्गात, त्याच बाकावर, फी तीच, कन्सेशन तेच. 'किती विषय घेतलेस' असं तिकडे कोणी कोणाला विचारतच नाही. विद्यापीठाने ठरवले तेवढे सगळेच घेतात. इथे बावीस वर्षं काढली, त्यातली पंधरा याच खात्यात. तरी चिवडा खाताना माझं डोकं नागपूर विद्यापीठाच्या अध्यादेशावर चालतं.

मैत्री पलीकडून ओरडली, "मॉम, इज अंकल युअर टीचर?"

"नाही गं, दादा आहे तो. त्याला सगळं माहीत असतं."

मी नम्रपणे हसलो. ते हसू आता आठवलं की अंगावर काटा येतो.

अस्मिता काळजीची बाई. रविवारी दुपारी तिने माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर ईमेल टाकली: दादा, नक्की ड्रॉप करू ना? मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होतो. फोन वाजला. एका हाताचा ग्लव्ह दाताने ओढून काढला आणि गारठलेल्या अंगठ्याने उत्तर दिलं: ड्रॉप कर, नो टेन्शन. जय भीम.

ऑफिसच्या अकाउंटवरून गेलेल्या प्रत्येक ईमेलखाली माझी सही आपोआप लागते. नाव, हुद्दा, खातं. आणि सहीखाली, मीच हौसेने टाकलेली एक ओळ: कोर्स सोडण्याचा विचार आहे? आधी आमच्याशी बोला!

तर मंगळवारी सकाळी मी ही ईमेल उघडून बसलो होतो. वरून खाली वाचली. खालून वर वाचली. कुठूनही वाचली तरी मी गाढवच ठरत होतो.

पहिला विचार काय आला, ते सांगतो. फाईल उघडावी आणि काहीतरी करावं. काय करावं ते सुचत नव्हतं, पण बोट माउसवर होतं. मग आठवलं की ओळखीच्या माणसाच्या फाईलला आम्ही हात लावायचा नसतो. तशी नोंद करायची आणि बाजूला व्हायचं. आणि असे सगळे बदल आमच्याकडून शुक्रवारी प्रांताच्या स्टुडंट एड ऑफिसला जातात. एकदा गेले की तिकडचं चाक फिरतं. ते उलटं फिरवायला महिने जातात.

मी उठलो आणि मरीनच्या दाराशी गेलो. मरीन माझी मॅनेजर. प्रेअरीच्या शेतावर वाढलेली बाई. चेहऱ्यावर काही दिसत नाही, आणि वाक्यं सगळी आखूड.

"मला एका फाईलमधून बाजूला व्हायचंय," मी म्हणालो.

"नातेवाईक?"

"नाही. ती मला दादा म्हणते."

"म्हणजे?"

"मोठा भाऊ."

"म्हणजे बहीण."

"बहीण नाही."

मरीनने पेन खाली ठेवलं. "सुधाकर, सकाळचे नऊ वाजलेत. मूळ मुद्द्यावर ये."

मी सगळं सांगितलं. चिवडा वगळून. ती ऐकत होती. संपल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, तोच, जो मी शनिवारी विचारायला हवा होता.

"ती किती कोर्समध्ये होती?"

"तीन."

"आणि हे तू तेव्हा विचारलं नाहीस."

"मी तिला माझ्या अकाउंटन्सीच्या पेपराबद्दल सांगत होतो."

"हं," मरीन म्हणाली. तिच्या 'हं'मध्ये मोठी वार्षिक समीक्षा मावते. "फाईल आता माझी. तू हात लावायचा नाहीस. तिला बोलावून घे. मी बोलेन, तू गप्प बसशील."

अस्मिता दुपारी आली. तिला अजून काही कळलेलं नव्हतं. उलट दोन दिवसांनी नीट झोपल्यासारखा चेहरा.

"दादा, थँक यू हं. काल मिडटर्मला बाकीचे कॅन्टीनमधून पळत गेले, मी निवांत बसून चहा प्यायले."

मिडटर्म! कोर्स सोडला म्हणून तिने सोमवारची परीक्षाही दिली नव्हती. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मरीनने तिला बसवलं आणि सरळ सांगितलं. तीन, साठ टक्के, दोन, शुक्रवार. अस्मिताचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग ती माझ्याकडे वळली, मराठीत.

"डेकेअरचं पण जाईल?"

मी मरीनकडे पाहिलं. गप्प बसायचं होतं. होकारार्थी मान हलवली.

"मग मला सोडावंच लागेल, दादा. सगळंच. मैत्रीला कोणापाशी ठेवू मी? हे तर ट्रक घेऊन पार थंडर बेला गेलेत."

तिने रागावून काही बोलायला हवं होतं. ती जमिनीकडे बघत राहिली आणि तेच जास्त वाईट होतं.

मरीनने एकेक वाट तपासायला घेतली. दुसरा एखादा कोर्स घेता येईल? टर्मच्या मध्यावर सुरू होणारे काही कोर्स असतात. होते, पण अस्मिताच्या डिग्रीत आता ऐच्छिक कोर्सला जागाच उरली नव्हती, आणि डिग्रीला न लागणारा कोर्स या मोजणीत धरत नाहीत. वेटलिस्टवर नाव घालून? वेटलिस्ट धरत नाहीत. नुसतं बसून ऐकायचं, ऑडिट करायचं? तेही धरत नाहीत. तीन दारं, तिन्ही बंद. प्रत्येक बंद दाराबरोबर अस्मिता थोडी थोडी खुर्चीत खाली सरकत होती.

"उरलं एक," मरीन म्हणाली. "त्याच स्टॅटिस्टिक्समध्ये परत जाणं. सोडलेला कोर्स परत लावायला असोसिएट डीनची मंजुरी लागते. कारण द्यावं लागतं, आणि कारण पटावं लागतं. 'विचार बदलला' चालत नाही."

"मी लिहिते," अस्मिता लगेच म्हणाली. इंग्रजीत. मग मराठीत, माझ्यासाठी, हळूच: "मी लिहिते की माझाच गोंधळ झाला. तुमचं नाव नाही आणत, दादा. तुमच्या नोकरीचं काय होईल उगाच."

आणि मी काही बोललो नाही. इथे मला स्वतःची बाजू मांडायची इच्छा होतेय, पण बाजू नाही. मी त्या गप्प बसण्यात चांगलाच रमलो होतो. मरीनने गप्प बसायलाच सांगितलं होतं, नाही का? हुकूम पाळत होतो. घराचा हप्ता, पेन्शनला उरलेली वर्षं, संघटनेतला मान, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. गंमत म्हणजे शेवटी आलं ते मुलाखतीतलं साहेबाचं तोंड, उलटी धरलेली मार्कशीट.

"ती काय म्हणाली?" मरीनने विचारलं.

खरं भाषांतर करायचं की बरं, एवढाच प्रश्न होता.

"म्हणतेय की स्वतःचा गोंधळ झाला असं लिहिते," मी म्हणालो. "म्हणजे माझं नाव येणार नाही."

मरीनने मान हलवली. "स्वतःचा गोंधळ हे कारण नाही. दर टर्मला शेकडो लोकांचा होतो. डीन नाही म्हणेल. एकच कारण हमखास चालतं. विद्यापीठाच्या माणसाने चुकीचा सल्ला दिला." ती माझ्याकडे वळली. "पण तू तो सल्ला एका बेसमेंटमध्ये दिलास. शनिवारी. भाऊ म्हणून. तो विद्यापीठाचा सल्ला नाही."

खिडकीबाहेर कोणाची तरी गाडी सुरू व्हायला नकार देत होती.

माझी सुटका झाली होती. नियमानेच झाली होती. मी भाऊ म्हणून बोललो होतो, भावावर डीनचा अधिकार चालत नाही. फक्त तोंड मिटून आणखी थोडा वेळ बसायचं होतं. आणि समोर अस्मिता जॅकेटची चेन वरखाली करत होती.

"एक ईमेल आहे," मी म्हणालो.

मी खिशातून फोन काढला.

"रविवारची. तिने विचारलं, मी उत्तर दिलं. ऑफिसच्या अकाउंटवरून."

मरीनने हात पुढे केला. मी फोन दिला. मजकूर मराठीत होता. "काय लिहिलंय?"

"ड्रॉप कर, नो टेन्शन. जय भीम."

"जय भीम म्हणजे?"

"आमचा नमस्कार."

तिने ईमेल खाली सरकवली. माझं नाव. माझा हुद्दा. विद्यापीठाचं चिन्ह. आणि ती लाडकी ओळ. मरीन ती ओळ वाचत असताना तिच्या ओठांचा कोपरा हलला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

"सुधाकर," ती म्हणाली, "हा विद्यापीठाचा सल्ला आहे. इतका अधिकृत मूर्खपणा मी आजवर पाहिलेला नाही. याचं भाषांतर करून दे, आणि खाली तुझं निवेदन लिही."

मी निवेदन लिहिलं. आयुष्यात अनेक अर्ज लिहिले, सगळ्यांत मी किती लायक आहे ते लिहायचं होतं. हे उलटं. आणि जितका नालायक ठरेन तितकं अस्मिताचं काम पक्कं, म्हणून जीव ओतून लिहिलं. मरीनने त्यातली दोन विशेषणं काढून टाकली. म्हणाली, डीनला दया यायला नको.

मग वाट बघणं. बुधवार गेला. मी दर थोड्या वेळाने मरीनच्या दारावरून प्रिंटरकडे जात होतो. प्रिंटरमध्ये माझं काही नव्हतं. गुरुवारी ती आतूनच म्हणाली, "आलं की सांगेन. कागद वाया घालवू नकोस." घरी नलिनीने विचारलं, जेवत का नाहीस. सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "एक्केचाळीसची गोष्ट सांगितली असशील." मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "साहेबासकट?" मी म्हणालो, हो.

शुक्रवारी सकाळी मंजुरी आली. अस्मिता परत स्टॅटिस्टिक्समध्ये, परत तीन कोर्स, पिवळी पट्टी गेली. न दिलेल्या मिडटर्मचं काय, तर प्रोफेसर म्हणाला, तिचं वजन फायनलवर टाकतो. म्हणजे आता सगळं एका पेपरावर. आणि तो पास होणं भाग होतं, कारण नुसतं नाव लावून भागत नाही. घेतलेले तीन पारही पडावे लागतात, नाहीतर ताकीद मिळते आणि पुढच्या वर्षीची मदत अडचणीत येते. ग्रँट वाचली होती, पण अस्मिताची झोप मी परत देऊ शकलो नव्हतो.

मी भरपाई म्हणून तिला स्टॅटिस्टिक्स शिकवायला गेलो. एका शनिवारी, त्याच बेसमेंटमध्ये. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "दादा, रागावू नका, पण तुम्ही समजावलं की जे येत होतं तेही जातं." मग ती लायब्ररीतल्या मदत केंद्रात जाऊ लागली, शिफ्टच्या आधी, मैत्रीला डेकेअरमधून घ्यायच्या आधी. मी फक्त एक केलं. फायनलच्या सकाळी तिची गाडी सुरू होईना, तर मी नेऊन सोडलं. वाटेत एक शब्द बोललो नाही. सल्ला तर मुळीच नाही.

आमची जयंती हॉल मिळेल त्या शनिवारी होते. त्या वर्षी मे उजाडला. बर्फ वितळून पार्किंगमध्ये चिखल झाला होता. अस्मिता निळी साडी आणि खाली गमबूट घालून आली. लांबूनच फोन नाचवत.

"दादा! बघा!"

स्टॅटिस्टिक्स: त्रेपन्न.

ज्या आकड्याची मी तिला भीती घातली होती, त्याचाच सख्खा शेजारी. त्याच आकड्यावर तिची पुढच्या वर्षीची ग्रँट होती, मैत्रीचं डेकेअर होतं, आणि दोन वर्षांनी रेजिनातल्या कुठल्यातरी शाळेतला एक वर्ग होता. आणि मी हा आकडा पुसून टाकायला निघालो होतो.

"डाग आहे ना दादा मार्कशीटवर?" ती हसत म्हणाली.

"डाग नाही," मी म्हणालो. "पास आहे."

माझ्या फाईलमध्ये मरीनची एक नोंद लागली. शिवाय शिक्षा म्हणून आता दर सप्टेंबरला माझ्या त्या लाल अक्षरांच्या स्लाइडनंतर दुसरी स्लाइड येते. तिच्यावर माझी ईमेल आहे, भाषांतरासकट, सहीसकट. नवी पोरं जाम हसतात. पहिली स्लाइड कोणाच्या लक्षात राहत नसे. दुसरी राहते.

त्या जयंतीला जेवणाच्या रांगेत एक गृहस्थ ताट घेऊन माझ्याजवळ सरकले. "सुधाकरराव, पोरगा केमिस्ट्री सोडायचं म्हणतोय. फार कमी मार्क पडतायत. काय करावं?"

तोंडात एक्केचाळीसची गोष्ट आलीच होती. भाताबरोबर गिळली.

"किती कोर्स उरतात?" मी विचारलं.

"ते नाही विचारलं बुवा."

"मग सोमवारी ऑफिसला पाठवा," मी म्हणालो. "इथे मी फक्त जेवतो."

सवय इतकी लागलीय की गेल्या आठवड्यात नलिनी म्हणाली, योगाचा क्लास सोडते, गुडघा दुखतो. मी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "किती उरतात?"

ती म्हणाली, "एक नवरा. तो सोडला तर परत लावायला डीनची मंजुरी लागते."